सही जुळत नाही

“ही काय सही हाय का, भाभी? मुंगळं सोडल्यात कागदावर.”

असं म्हणून दुकानदारानं माझा फॉर्म उचलून गिऱ्हाइकांना दाखवला. जुन्नरच्या बाजारातलं शिलाई मशीनचं दुकान. पाच-सहा माणसं होती. सगळी हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मला हप्त्यावर ओव्हरलॉक मशीन हवं होतं. एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार होतं, पण कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या अशा मशीनवर मारलेल्या पाहिजेत, अशी त्यांची अट. शाळा उघडायच्या आत मशीन आलं नाही तर काम दुसरीकडे जाणार. म्हणून तो फॉर्म. दर महिन्याला ठरल्या तारखेला बँकेनं माझ्या खात्यातून हप्ता परस्पर कापावा, अशी मी दिलेली परवानगी. खाली माझी सही. मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. सही उर्दूत करते.

दुकानदारानं नवा फॉर्म काढला. एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर माझं नाव इंग्रजीत लिहिलं.

“गिरवा.”

मी उभ्या उभ्या गिरवलं. वीस वेळा तरी. मागून कुणीतरी म्हणालं, “आवरा राव, मढची एस्टी जाईल.” मला काही वाटत नव्हतं. राग नाही, रडू नाही. चाळिशीची बाई, पण लहान पोरीसारखी अक्षरं गिरवत होते. मग फॉर्मवर तसंच नाव काढलं. वरच्या दोन-तीन चौकटी कोऱ्या होत्या. तो म्हणाला, “ते आमी भरतो.”

फॉर्म बँकेतून परत आला. सही जुळत नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा पुठ्ठा, पुन्हा परत. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकान भरलेलं होतं.

“सोताचं नाव बी धड लिवता येत न्हाई, आन मशीन घ्यायला निघाल्यात.”

मी मान हलवली. हो म्हणाले. खरंच हो म्हणाले.

तिथून उठून बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, माझी सही का जुळत नाही, माझ्या हाताला काय झालंय? त्यांनी खाते क्रमांक घेतला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथं माझी सही होती. उर्दूतली. खातं उघडताना केलेली.

“ही तुमचीच ना?”

“व्हय.”

“मग फॉर्मवर हीच करायची. आमी जुळते का तेवढं बघतो. परवानगी तुमची हाय, दुकानदाराची न्हाई.”

एवढंच. मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले. दोन महिने मी दुसऱ्याच कुणाची तरी सही करत होते, आणि चूक माझी म्हणून ऐकून घेत होते. तेव्हा कुठं राग आला. उशिरा आला, पण आला.

परत दुकानात गेले. नवा फॉर्म मागितला. उभ्यानं वाचला, अक्षर अक्षर लावून. कोऱ्या चौकटींत जास्तीत जास्त किती रक्कम कापायची ते लिहायचं होतं. कधीपर्यंत कापायची तेही.

“आधी हे भरा.”

“आमच्यावर भरवसा न्हाई का, भाभी?”

“न्हाई.”

दुकानात कुणी हसलं नाही. त्यानं भरलं. मग मी सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश.

“फॉर्म परत आला तर मला बोलायचं न्हाई,” तो म्हणाला.

“बँक बोलंल. तुमी बोलू नका.”

फॉर्म मंजूर झाला. मशीन आलं. गणवेशांचं काम तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं. शाळा सुरू झाली आणि गल्लीतली पोरं दुसऱ्या कुणी शिवलेले कपडे घालून माझ्या दारावरून गेली.

आता मी कुठंही तीच सही करते. रेशनच्या दुकानात, मुलीच्या शाळेत, पोस्टात. आधी कागद वाचते. कोरी चौकट दिसली तर पेन खाली ठेवते. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.