न्या सेफेरिनाचं नाक

सेफेरिना ओवेलारला चष्म्याची गरज आहे हे तिच्याखेरीज सगळ्या लुके गावाला माहीत होतं. लांबचं तिला स्वच्छ दिसे. रस्त्याच्या टोकाला कोण वळलं, कोणाशी भांडून आलं, हे ती इथूनच सांगायची. जवळचं मात्र सगळं धुकं. पण तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं, कारण तिचा धंदा नाकावर चालायचा.

बसथांब्याजवळच्या आंब्याखाली तिचं टेबल होतं. त्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पाल्याच्या जुड्या, पुढ्यात लाकडी खल, पायाशी बर्फाची पेटी. सकाळी सहापासून लोक आपापले थर्मास घेऊन समोर उभे राहत. सेफेरिना आधी माणूस पलीकडून येतानाच त्याचा चेहरा वाचायची, जवळ आला की दोन खोचक प्रश्न विचारायची, मग न बघता जुड्यांत हात घालायची, एक काडी नाकाशी न्यायची आणि खलात टाकायची. बत्त्याचे सात-आठ दणके, की तो हिरवा चोथा थर्मासात, त्यावर बर्फाचे खडे, त्यावर पाणी. पुढचं काम ज्याचं त्याने करायचं: शिंगाच्या पेल्यात येर्बाची कोरडी पत्ती भरायची, वरून हे गार पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने दुपारपर्यंत हा गार चहा, टेरेरे, ओढत बसायचं. पोट, झोप, मूत्रखडा, सासू, प्रेमभंग, सगळ्यांवर तिच्याकडे पाला होता. हा धंदा तिने आईकडून घेतला होता आणि नवरा गेल्यावर दोन मुली त्यावरच वाढवून त्यांची लग्नं लावून दिली होती. वय झालं, जीभ धारदार झाली, तसे लोक तिच्या नावामागे मानाने 'न्या' लावू लागले.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं टेबल होतं, न्या रुमिल्दाचं. पाला तसाच, खल तसाच, चेहरा मात्र दगडी. रुमिल्दा गिऱ्हाइकाशी एक शब्द जास्त बोलत नसे. तिचा पाला ताजा आणि निवडलेला असायचा, तरी रांग लागायची ती सेफेरिनाकडे. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारण आंब्याची एक फांदी. ती रस्ता ओलांडून रुमिल्दाच्या डोक्यावर गेली होती आणि सेफेरिनाच्या बाजूलाही दुपारची सावली धरत होती. एका सकाळी सेफेरिना येऊन बघते तर फांदी गायब, उरला होता नुसता खुंट. कोणी तोडली ते कळलं नाही. सेफेरिनाने मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि तोंड फिरवलं.

लुकेत उन्हाळा जानेवारीत येतो, आणि त्या वर्षी तो असा तापला की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. एवढ्या उन्हात सेफेरिनाला कुठून सर्दी झाली देवाला ठाऊक. चार दिवस ती अंथरुणात होती. पाचव्या दिवशी उठली, टेबल मांडलं, पुदिन्याची काडी चुरगळून नाकाशी नेली, आणि काहीच नाही. दुसरी काडी घेतली. काहीच नाही. तिने नाक शिंकरलं, गवती चहाची अख्खी जुडी तोंडावर दाबली. ओल्या चिंधीइतकाही वास येईना.

दुसरी कोणी असती तर घरी गेली असती, निदान चष्मा तरी घेऊन आली असती. पण रुमिल्दाने चष्मा लावला तेव्हा याच सेफेरिनाने भर बाजारात म्हटलं होतं की आता हिला पाला वाचून दाखवावा लागणार. तेव्हा चष्म्याचा मार्ग बंद होता. तिने पदर खोचल्यासारखा एप्रन आवळला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पहिला होता बसचालक क्रिस्पुलो. त्याला पित्त होतं आणि रागही होता, आणि दोन्ही तो रोज अर्ध्या गावावर ओकायचा. सेफेरिनाने अंदाजाने जुडी उचलली, कुटली, थर्मास भरून दिला. दुसरा आला सोनार बासिलिदेस. तारेचं बारीक काम करून करून त्याच्या डोळ्यांना पाणी सुटायचं. त्यालाही तिने हाताला लागलं ते दिलं आणि वर बजावलं की सगळं संपव, उरवू नकोस.

दुसऱ्या दिवशी गावात दोन गोष्टी बोलल्या जात होत्या. पहिली अशी की क्रिस्पुलो अगदी देवमाणूस झाला होता. म्हाताऱ्यांना चढेपर्यंत थांबत होता, सायकलवाल्यांना हात करून पुढे जा म्हणत होता, आणि बस चाळीस मिनिटं उशिरा पोचल्यावर उतारूंना म्हणाला होता की आपण सगळे शेवटी पोचतोच. त्याच्या थर्मासात पित्ताच्या पाल्याऐवजी कृष्णकमळाची पानं होती, जी झोप न येणाऱ्यांना देतात. दुसरी गोष्ट सोनाराची. तो स्वतःच आला, पाय जरा जपून टाकत.

"अहो न्या सेफेरिना," तो हळू आवाजात म्हणाला, "डोळ्यांतलं पाणी थांबावं म्हणून पाला नेला. ते थांबलं नाहीच, भलतीकडूनच सुरू झालं. नवरी मुलगी दुकानात कानातल्यांसाठी बसलेली आणि मी दर पाच मिनिटांनी परसात."

"शरीर साफ होतंय तुझं," सेफेरिना म्हणाली. "आधी खालून, मग वरून."

सोनार विचार करत गेला. तिसऱ्या दिवशी सेफेरिनाने तीन गिऱ्हाइकांना पाला संपला म्हणून सांगितलं, टेबल पाल्याने भरलेलं असताना.

हे सगळं पलीकडून रुमिल्दा चष्म्यातून बघत होती. दुपारी रस्ता उन्हाने ओस पडल्यावर ती उठली, एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात थर्मास घेऊन सरळ रस्ता ओलांडून आली आणि सेफेरिनाच्या टेबलाशी बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"डोळे मीट," ती म्हणाली.

"का मिटू?"

"मीट गं."

सेफेरिनाने का कोण जाणे, मिटले. नाकाखाली काहीतरी आलं. तिने ऐटीत खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "पुदिना. आणि तोही शिळा, तुझ्याकडचा."

डोळे उघडले तर रुमिल्दाने ती वस्तू तिच्या तळहातावर ठेवली: सोललेली लसणाची पाकळी.

रुमिल्दा हसली नाही. ते एक तिने बरं केलं. ती इतकंच म्हणाली की तुझ्याकडून लोक चुकीचा पाला घेऊन गेले तर ते 'त्या कोपऱ्यावरच्या बायका फसवतात' असं म्हणणार, आणि कोपरा माझाही आहे. मग तिने खल ओढून घेतला. गवती चहाची पाती बोटभर तोडली, पुदिन्याचा शेंडा घातला, संत्र्याच्या सालीचा तुकडा टाकला, आणि हलक्या हाताने कुटलं, चेंदा न करता, नुसतं अंग मोडेल इतकं. सेफेरिना नेहमी दणके घालायची. तिला बघताना वाटलं की हे बरोबर आहे, आणि लगेच वाटलं की हे रुमिल्दाला सांगायचं काही कारण नाही.

बर्फ, पाणी, थर्मासचं झाकण. रुमिल्दाने शिंगाचा पेला भरला, पहिला स्वतः ओढला, दुसरा सेफेरिनाला दिला. मग तिसरा स्वतः, चौथा सेफेरिनाला. टेरेरेच्या बैठकीत पेला परत देताना 'आभारी आहे' म्हटलं की त्याचा अर्थ एकच, मला पुरे झालं. पहिलं ते म्हणेल ती हरली, हे ठरवायला दोघींना बोलावं लागलं नाही. पहिला थर्मास संपला. रुमिल्दाने दुसरा भरला. तोही संपला. चव सेफेरिनाला कळतच नव्हती, पण गारवा कळत होता, घशापासून पोटापर्यंत. तिसऱ्या थर्मासच्या मध्यावर दोघींचा घाम सुकला होता आणि दोघी मांडी आवळून बसल्या होत्या.

"फांदी मीच तोडवली," रुमिल्दा अचानक म्हणाली. "पिकले आंबे डोक्यात पडायचे माझ्या. दोनदा चष्मा फुटला."

"सांगायचंस मग."

"तुला सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं."

यावर सेफेरिनाकडे उत्तर होतं, चांगलं झणझणीत होतं, पण ते द्यायला बसली असती तर फार उशीर झाला असता. "आभारी आहे," असं म्हणून ती उठली आणि मागच्या घराच्या न्हाणीकडे धावली. परत आली तेव्हा रुमिल्दाची खुर्चीही रिकामी होती.

दुसऱ्या दिवसापासून दोघी एका टेबलाशी बसू लागल्या. सेफेरिना चेहरे वाचायची, प्रश्न विचारायची, टोमणे मारायची. रुमिल्दा मुकाट्याने जुडी काढून कुटायची. लोकांना आधी धाकधूक वाटली, मग मजा वाटू लागली. क्रिस्पुलोला त्याच्या पित्ताचा खरा पाला मिळाला आणि तो पूर्ववत शिव्या देऊ लागला, तेव्हा बसमधल्या म्हाताऱ्या येऊन तक्रार करून गेल्या. त्यांची मागणी अशी की त्याला आधीचंच काहीतरी द्या. त्यावर रुमिल्दा पहिल्यांदा मोठ्याने हसली. दगडाला फट पडावी तसं ते हसू होतं, आणि सेफेरिनाला ते आवडलं. मग ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून ती दिवसभर गिऱ्हाइकांच्या नकला करू लागली.

दोन आठवड्यांनी, एका मंगळवारी, टेबल पुसताना तिला खोबऱ्याच्या साबणाचा वास आला. तो रुमिल्दाच्या हातांचा होता. पाठोपाठ संत्र्याची साल, मग ओलं गोणपाट, मग पुदिना, एकामागून एक पाहुणे घरात शिरावेत तसे. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने तोंड उघडलंही. मग शेजारच्या खुर्चीकडे बघितलं आणि मिटलं.

नाक आलं म्हटल्यावर ही जाणार पलीकडे. आज नको, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्याचा परवा झाला. गवती चहाची जुडी नाकाशी नेऊन ती चेहरा कोरा ठेवायची, हे जन्मातलं सगळ्यात अवघड काम होतं.

शुक्रवारी एक तान्ह्या बाळाची आई आली. दूध कमी येतं म्हणाली. सेफेरिनाने रुमिल्दाला सांगितलं, बडीशेपेचा पाला दे. रुमिल्दाने बाळाकडे बघत जुडी काढून खलात टाकली, बत्ता उचलला.

"अगं थांब, ती घोडेशेपटी आहे. सोनाराला परसात धाडणारी."

बत्ता हवेतच राहिला. सेफेरिनाच्या लक्षात आलं की जुडी जेमतेम हातभर अंतरावर होती, आणि धुक्यातून बघून ती हे ओळखणं शक्यच नव्हतं.

रुमिल्दाने शांतपणे ती जुडी बाजूला ठेवली, बडीशेप घेतली, कुटली, त्या आईला पाणी भरून दिलं, बाळाच्या टाळूला हात लावला. ती गेल्यावर विचारलं, "कधीपासून येतोय वास?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारीच कळलं मला. पुदिना हुंगताना तुझ्या नाकपुड्या घोड्यासारख्या उडाल्या."

"मग बोलली का नाहीस?"

रुमिल्दाने चष्मा काढून एप्रनला पुसला. "तिकडे ऊन फार आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी दोघींनी पलीकडचं टेबल इकडे आणायचं ठरवलं. रुमिल्दाचं म्हणणं, आधी पाला उतरवू. सेफेरिनाचं म्हणणं, चार पावलांसाठी कोण उतरवतंय. शेवटी सगळ्या जुड्यांसकट टेबल उचललं आणि ऐन रस्त्यात पोचल्यावर कोणी मागे चालायचं यावरून वाद सुरू झाला. दोन्हीकडून गाड्या थांबल्या. बासिलिदेस सोनार दुकानातून धावत आला आणि टेबल जरा तिरकं धरा असं सुचवू लागला. दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं.

"तू बर्फाची पेटी घे," सेफेरिना म्हणाली.

त्याने निमूटपणे घेतली.