महिन्याच्या गोळ्या आणि विमलबाई

घाटकोपरच्या सरकारी विमा दवाखान्यात मी औषधे देण्याच्या कामावर रुजू झालो, त्याच सकाळी डॉ. विमल खोत यांनी मला झापले. गोळ्यांची पुडी मी न बोलता खिडकीतून पुढे सरकवली होती. "अहो, भिक्षा वाढताय का? कशी घ्यायची ते तोंडाने सांगा!" बाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी. आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला, हे माझे भाग्य.

आमचे रुग्ण कारखान्यांतले कामगार. रक्तदाब, मधुमेह, फेफरे हे आजार जन्मभराचे, पण औषध मिळे एका आठवड्याचे. दर आठवड्याला खाडा कोण करणार? मुकादम तोंड वाकडे करी. मग माणसे गोळी अर्धी करून घेत, नाहीतर सोडूनच देत.

अनंत साळवी हे राजापूरकडचे, पॅकिंगखात्यातले कामगार. त्यांना फिट येत. गणपतीला गावी निघण्याआधी ते पत्नीसह आले. बोलल्या त्या वहिनीच.

"गेल्या साली गावाला गोळ्या संपल्या, बाई. आरतीत ह्यांना फिट आली आणि लोकांना वाटलं, देव अंगात आला! सगळे पाया पडतायत. मी ओरडतेय, बाजूला व्हा, तर मलाच गप्प केलं. कपाळ फुटलं हो ह्यांचं."

"मग यंदा जाऊ नका," आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले.

"घरचा गणपती, साहेब. थोरला मी. न जाऊन कसं चालेल?" साळवी म्हणाले.

बाईंनी महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. साहेब भडकले. "कुणी विकल्या, कुणी एकदम गिळल्या, तर जाब कोण देणार?"

"मी देईन. नोकरी गेली तर घरी बसून पापड लाटीन, पण ह्या माणसाला पुन्हा देव करून पाठवणार नाही!"

गोळ्यांची बाटली त्यांनी वहिनींच्या हातात दिली. दुसऱ्या कुणाला चक्कर आली तरी यातली गोळी द्यायची नाही, आणि ह्यांना पाण्यात उतरू द्यायचे नाही, असे दोनदा बजावले. पुढचे सगळे दिवस बाईंचा जीव टांगणीला लागला होता. "साळवींचं काही कळलं का हो?" हे त्या मला येता-जाता विचारत.

साळवी परतले ते गावच्या गोड खाज्याचा पुडा घेऊन. वहिनींचा चेहरा फुलला होता. "एकदाही फिट नाय! विसर्जनाला मूर्ती ह्यांनीच उचलली."

"पाण्यात उतरले?" बाई कडाडल्या.

"नाय हो बाई! काठापर्यंत हे. पुढे धाकट्या दिरांनी नेली."

बाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मला मात्र रडू आवरले नाही, आणि त्याची लाज वाटत नाही.

पुढे साहेबही नरमले. जुन्या आजारांच्या रुग्णांना आमच्याकडे महिन्याचे औषध मिळू लागले. यामागे बाईंची वर्षभराची भांडणे आहेत, हे नव्या मंडळींना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

बाई, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हां सर्वांची प्रार्थना. एक मात्र हक्काने सांगतो. आपण स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकवता, हे आम्हाला कळले आहे. चुकवू नका. आम्हाला अजून आपण हव्या आहात.