देवकीनं काढलेली चूक

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, देव जाणे — पण आता पोटात मावत नाही.

मला एका विज्ञानकथा-लेखकाचं वेड आहे. नवा माणूस भेटला की त्यांचं पुस्तक मी त्याच्या गळ्यात मारतेच — सुरुवात त्या खाडीत बुडालेल्या शहराच्या कथेपासून करा! सोसायटीत माझी चेष्टा होते. होऊ दे.

देवकीलाही दिलं. देवकी करावे गावातली, दर बुधवारी दारावर मासळी घेऊन येते. दहावी शिकलेली, वाचायची भारी हौस. आठवड्याभरात वाचून आली आणि म्हणाली, "बाय, गोस्ट लय भारी हाय. पन त्ये शहर बुडतं त्या अष्टमीला कुठलं उधान? त्या दिसाला पानी मेलेलं असतं. उधान आवस-पुनवेला." मी दहा वेळा वाचलेली कथा — माझ्या लक्षात आलं होतं कधी? छे! खूश होऊन म्हटलं, रविवारी आमच्या वाचनाच्या ग्रुपला ये, तूच सांग सगळ्यांना.

ती आली. ठेवणीतली साडी, केसांत अबोली. मागच्या खुर्चीत अंग चोरून बसली. आणि मी — कसं सांगू? — बोलण्याच्या भरात ती अष्टमीची चूक मीच सांगून टाकली. मला सापडली म्हणून. टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! तेव्हाही म्हणता आलं असतं ना, की ही देवकीनं काढली? एक वाक्य होतं हो. नाही म्हटलं.

मग शेजारच्या बाईंनी विचारलं, ह्या कोण, नव्या मेंबर का?

मी म्हटलं, "नाही हो, मासे देते माझ्याकडे. काही काम असेल."

देवकीनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं. उठली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हां, बुधवारी पापलेट आनू का, इचाराया आलेली." आणि गेली.

माझी लाज तिनं राखली. मी तिची काढली.

ती अजून येते. निवडून ताजं देते. पुस्तकाचं नाव काढत नाही — मीही काढत नाही. नव्या वाचकांना त्या लेखकाची शिफारस मात्र चालूच आहे. परवासुद्धा दोघींना ती कथा दिली, अष्टमीची चूक रंगवून सांगितली. तुमच्या बरं लक्षात आलं, म्हणाल्या. मी नुसती हसले.