आडवेकाकांचं परसदार

कुठलंही रोप लावण्याआधी काका त्या जागी आडवे होऊन बघत. सतरंजी नाही, उशी नाही, थेट जमिनीवर. डोळे मिटून जरा वेळ पडायचं, मग पाठीचे खडे झटकत जाहीर करायचं, "इथं झोप येते. म्हणजे इथं भेंडी येणारच." कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना आडवेकाका म्हणत. खरं आडनाव बहुधा पोस्टमनलाच माहीत होतं.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी त्यांच्या शेजारी आले. तेव्हा प्रत्येक रो-हाउसच्या मागे खोलीएवढं परसदार होतं, आणि जो तो ते झाकून तिथं खोली काढत सुटला होता. काकूंनाही खोली हवी होती, कारण मुलाचं लग्न ठरत आलं होतं. काका मात्र हटून बसले. तळोज्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर यंत्रांचे आराखडे काढले होते. "इतकी वर्षं लोखंडाला जागा शोधून दिली, आता मला शोधू दे," ते म्हणायचे.

त्यांचा आराखडा असा: मधोमध खाट. खाटेवर मांडव, मांडवावर पडवळ आणि दोडका. उजव्या हाताला भेंडी, डाव्या हाताला माठ, पायथ्याशी धुण्याच्या पाण्यावर अळू, कडेनं मका. "भाजी तोडायला उठावं लागलं, तर आराखडा चुकला!" पडवळं सरळ वाढावीत म्हणून टोकांना दगड बांधलेले असत, त्यामुळे खाटेवरून उठणाऱ्याला हमखास प्रसाद मिळे. मीही तो खाल्ला आहे. वर काका विचारायचे, "तुला उठायला सांगितलं कोणी?"

शेवटी काकूंनी मुदत घातली. "ऋषीपंचमीची सगळी भाजी या परसातली झाली पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर!" त्या दिवशी काकूंचा उपास असे, आणि बैलाच्या कष्टाचं काहीही त्यांना चालत नसे. हातानं खणून पिकवलेलंच हवं. काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांच्या परसात बैल शिरणार कुठून?

ऋषीपंचमीला खरंच सगळं घरचं निघालं. मी हौसेनं चिरायला बसले, काकांनी खाटेवरून देखरेख केली. भाजी शिजली. पान वाढून घेता घेता काकू थबकल्या.

"अहो, इथं तर नुसता मुरूम होता. ही माती आणलीत कुठून?"

"बोनकोड्याच्या शेतातून. चांगली टेम्पो भरून!"

"आणि ते शेत नांगरलं कोणी?"

काका ताडकन उठले आणि दगड कपाळावर घेऊन तसेच लुंगीवर बाहेर पळाले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. काकू वाफाळत्या पातेल्यासमोर उपाशी बसून राहिल्या. मला हसू आवरेना आणि हसायची हिंमतही होईना. थोड्या वेळानं काका परतले, मागच्या सीटवर साक्षात त्या शेताच्या मालकाला घेऊन.

"काकी, बैल कवाच इकलं," तो दारातूनच म्हणाला. "आता टॅक्टर फिरतो."

"शपथ?"

"गनपतीची शपथ! तो काय, घरान बसलाय."

काकूंनी बराच विचार केला. ट्रॅक्टरबद्दल ऋषींनी काही सांगून ठेवल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी पहिला घास घेतला आणि काकांनी लुंगी सावरत त्या शेतकऱ्याला मिठीच मारली. त्या दिवशी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मुलाचं लग्न झालं, नवराबायको आतल्या खोलीत, काकू हॉलमध्ये आणि काका अर्थातच खाटेवर.

त्याच खाटेवर, पुढं काही वर्षांनी, दुपारच्या झोपेत काका गेले. इतका सुंदर माणूस इतक्या गुपचूप गेला, याचा मला आजही राग येतो.

नंतर मुलानं कॉन्ट्रॅक्टर आणला. मांडव सुकला होता, वाफे रिकामे पडले होते, गल्लीत उघडं परसदार तेवढं एकच उरलं होतं. काकू कुंपणापाशी माझ्याजवळ उभ्या होत्या. कॉन्ट्रॅक्टरनं टेप उलगडली तशा त्या म्हणाल्या, "जरा थांबा." पदर खोचला आणि त्याच्या पायाशी, थेट मातीत आडव्या झाल्या. मला वाटलं, त्या रडताहेत.

काकूंनी डोळे उघडले. "इथं झोप येते," त्या म्हणाल्या. "जा गं, भेंडीचं बी घेऊन ये."