रतनबाई लोणावळ्याला कामाला जातात

कान्ह्याच्या रतनबाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा नोकरीला लागल्या. गरज काय होती, असं सगळं गाव विचारत होतं.

गरज होती ती अशी. त्यांचे मालक भिमाजी देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. उरला एकच शब्द, 'व्हय'. रतनबाईंना हाक मारायची तीही 'व्हय'च. चहा पाहिजे? व्हय. मग नको? तरी व्हय. अंघोळ, कपडे, कुशीवर वळवणं, दोन वर्षं सगळं रतनबाई एकट्या करत होत्या. एकदा त्यांना खुर्चीत बसवताना रतनबाईंच्या कमरेत अशी उसण भरली की पलंगाच्या एका टोकाला भिमाजी आणि दुसऱ्या टोकाला त्या, दोघंही आडवे. शेजारची रुपाली येईपर्यंत तासभर तसेच.

"मावशी, माणूस ठेवा आता," रुपाली म्हणाली.

"आन त्याला देऊ काय? पेन्शन घरात आन औषधात जाती."

"मग चला माझ्यासंगं. आमच्या चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला बाया पाहिजेत."

माणूस मिळाला सुदुंबऱ्याचा गोरख. चाळिशीचा, दवाखान्यात बारा वर्षं रुग्णांची उचलठेव केलेला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, महिन्याचे बारा हजार. आणि कारखान्याचा पगार? तोही बाराच.

मुलगी सारिका फोनवर ओरडलीच. "आई, या हातानं घ्यायचे आणि त्या हातानं द्यायचे! तुझ्याकडं उरलं काय?"

"माजी कंबर उरली," रतनबाई म्हणाल्या. "आन लोकलचा पास."

पहिल्या दिवशी त्या लोकलमध्ये खिडकीपाशी बसल्या. कामशेत गेलं, शेतं मागं पळायला लागली आणि रतनबाईंना एकदम हसू फुटलं. थांबेचना.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई गं. कुनी हाकच मारंना मला!"

कारखान्यात त्या पाकिटं भरता भरता गप्पा मारायच्या, चिक्कीचे मोडके तुकडे तोंडात टाकायच्या. आठ दिवसांत दाढ दुखायला लागली, तरी तोंड चालूच.

इकडं घरी गोरखनं भिमाजींना वळण लावलं. रतनबाईंनी व्यायाम करा म्हटलं की ते तोंड फिरवायचे. गोरख मात्र म्हणायचा, "आबा, काल खिडकीचे गज धरून दहा आकडे उभे होता. आज अकरा न्हाई झाले, तर चहा मी पिनार." अकरा व्हायचे. दिवाळीपर्यंत पंचवीस झाले.

दिवाळीच्या घाईत रतनबाईंना रोज उशीर व्हायला लागला. एका संध्याकाळी त्या आल्या, पलंगापाशी बसल्या आणि त्यांना भरून आलं. "अवो, दिवसभर तुमास्नी परक्याच्या हाती सोडून जाते. सोडू का नोकरी?"

गोरख दारात बूट घालत होता. भिमाजींचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडे झाले, मान थरथरली.

"न्हाई!"

"काय म्हनाला?" रतनबाईंनी विचारलं.

"न्हाई! न्हाई! न्हाई!"

रतनबाईंनी टाळ्या पिटल्या. गोरख एका पायातल्या बुटानिशी अंगणभर नाचला. रुपाली धावत आली, तर तिलाही ऐकायचं होतं. भात? न्हाई. भाकरी? न्हाई. पुढचे दोन दिवस अंघोळीलाही न्हाई आणि गोळीलाही न्हाई. "मावशी, आधीचंच बरं होतं की!" गोरख कपाळाला हात लावून म्हणाला.

पुढं हळूहळू आणखी दहा-बारा शब्द आले. उजवा हात मात्र अजून तसाच आहे, आणि डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील.

मागच्या महिन्यात एकदा रतनबाई कान्ह्याला उतरल्या, तर फलाटावर चाकाची खुर्ची. खुर्चीत भिमाजी. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मागं गोरख. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण नवरा आपल्याला घ्यायला स्टेशनवर आलाय हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लोकलच्या दारातून कारखान्याच्या बायांनी एकच गलका केला.

"अगं बाई!" रतनबाईंनी पदरानं तोंड झाकलं. तरी हसू लपेना.

भिमाजींनी डावा हात पुढं केला आणि त्यांच्या हातातली जेवणाच्या डब्याची पिशवी आपल्या मांडीवर ठेवून घेतली.