मामाजींच्या घोळाचं पाणी

पाणी हे पिण्यासाठी, आंघोळीसाठी आणि धानासाठी असतं असं सगळ्या जगाला वाटतं; आमच्या मामासासऱ्यांना मात्र ते देवानं सिमेंट कालवण्यासाठी निर्माण केलं आणि उरलंसुरलं बाकीच्या कामांना दिलं, याबद्दल तिळमात्र शंका नाही. माझ्या बायकोचे हे मामा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाठ टेकून उभ्या असलेल्या घरात राहतात. कालव्यांच्या कामावर त्यांनी आयुष्यभर ग्राऊटचा पंप चालवला. ग्राऊट म्हणजे सिमेंट आणि पाण्याचा पातळ घोळ. दगडी बांधकामाच्या भेगांत तो दाबानं भरायचा, की आतल्या आत आवळून गळती थांबते. लग्नानंतर पहिल्यांदा भेटलो तेव्हा "मी जन्मभर घोळच केले," अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. मी हसलो. ते हसले नाहीत. "हसून काऊन राहिले, जवाईबापू? सिमेंट तं सारेच पोत्यातून आणतेत. पाणी कोनी पाह्यते का?" असं विचारून त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि पेला परत देत म्हणाले, "चालते. प्या."

त्यानंतर मी त्यांच्यासोबत जिथं जिथं गेलो तिथं तिथं माझी मान खाली गेली. नागऱ्याच्या महादेवाला गेलो, तर तळहातावरचं तीर्थ चाखून त्यांनी डोळे मिटले. पुजाऱ्याला वाटलं, भक्त तल्लीन झाला. मामाजी डोळे उघडून म्हणाले, "खार आहे थोडा. यानं सिमेंट लवकर आवळंल." तालुक्यातल्याच प्रतापगडच्या यात्रेत पाणपोईवर बसलेल्या बाईला त्यांनी विहीर किती खोल आहे, जवळ झाड कोणतं आहे, पानं आत पडतात का, असे इतके प्रश्न विचारले की ती बिचारी त्यांना सरकारी माणूस समजून गुळाचा खडा पुढे करू लागली. गोंदियाच्या स्टेशनाजवळच्या हॉटेलात त्यांनी वेटरला विचारलं, "ये पानी कहाँ का है, भैया?" तो म्हणाला, "फिल्टर का है, काका, बिनधास्त पियो." मामाजींनी पेला उजेडात धरला आणि समाधानानं मान हलवली. "इसमें स्लॅब भी डाल सकते." पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी आपापले पेले हळूच खाली ठेवले.

पण खरा त्रास मामींना. घरात एक कटोरी जागेवर राहायची नाही. कोणत्या विहिरीचं, कोणत्या बोडीचं म्हणजे छोट्या तळ्याचं पाणी घोळाला कसं, हे पाहण्यासाठी मामाजी कटोरीत सिमेंट कालवून पडवीत ओळीनं मांडून ठेवत आणि तासातासानं नखानं टोचून पाहत. पाहुणे आले की मामी वरण वाटीऐवजी पेल्यात वाढत आणि कारण विचारलं तर म्हणत, "कटोऱ्यांत याईची शेती पिकून राहिली."

शिवाय अलीकडे त्यांना चुंबकाचं वेड लागलं होतं. चुंबकावरून नेलेल्या पाण्यात सिमेंट जास्त मोकळं होतं, भेगेत खोल जातं आणि दुप्पट घट्ट होतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी भंगारातल्या लाऊडस्पीकरांची चुंबकं काढून रबरी नळीला बांधली आणि गावभर या नळीचं गुणगान केलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मला साक्षीला ओढलं जाई. मी "असेल" म्हणत असे. जावयानं आणखी काय म्हणायचं?

दोन वर्षांपूर्वी गावच्या तलावाचं काम निघालं. हा तलाव मामाजींच्या, तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी जातीतल्या पूर्वजांनी बांधलेला, निदान ते तसं सांगतात. पाळीच्या पोटातून शेताला पाणी सोडायचं दगडी दार असतं, त्याला तिकडं तुडूम म्हणतात. त्या तुडूमाचे सांधे कित्येक वर्षं झिरपत होते. झिरपलेलं पाणी मामींच्या स्वयंपाकघरामागच्या पाटातून वाहून जाई आणि उन्हाळा लागेपर्यंत तलाव अर्धा होई. धान निसवून लोंब्या धरायच्या वेळी शेवटचं पाणी कमी पडे. चैत्रात तळाशी थोडंसं हिरवं पाणी उरलं, दगड उघडे पडले. तलाव समितीनं पंपवाला मिस्त्री आणला. मिस्त्रीनं सरळ त्या हिरव्या पाण्यात बादली बुडवली. मामाजी पाळीवरून उतरले आणि बादलीत हात घालून उभे राहिले.

"या पाण्यात घोळ नाई होनार."

"काका, पाण्याचं काय एवढं? सिमेंट नंबर एक आहे," मिस्त्री म्हणाला.

"शेवाळ आहे यात. आत भुसभुशीत राहीन. आज भराल, श्रावनात पुन्हा गळंल. मले दोन दिस द्या."

समितीची मंडळी वैतागली. पंपाचं भाडं चढत होतं, मजूर बसून होते. "म्हाताऱ्याचं वेड" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. मामाजींनीही ऐकले असणार. पण ते बादलीतून हात काढीनात. शेवटी दोन दिवस मिळाले.

त्यांनी ड्रममध्ये तलावाचं पाणी भरलं, तुरटी फिरवून रात्रभर निवळू दिलं, वरचं पाणी रेती आणि कोळशातून गाळलं. मग तीन कटोऱ्या: एकीत तलावाचं हिरवं पाणी, दुसरीत निवळलेलं, तिसरीत निवळून चुंबकाच्या नळीतून काढलेलं. सिमेंट सारखंच, मापून. मी घड्याळ धरलं आणि प्रत्येक घोळ रॉकेलच्या नरसाळ्यातून किती वेळात उतरतो ते मोजलं. मामी इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तुमाले मालूम राहीन कोनती कोनाची, तं तुमी आपलीच निवडसान." त्यांनी आम्हा दोघांना बाहेर घालवलं, कटोऱ्यांच्या बुडाशी एक, दोन, तीन अशा आपल्या टिकल्या चिकटवल्या आणि जागा बदलून टाकल्या. विज्ञानशिक्षक मी, पण ही अक्कल त्यांची.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणि समितीसमोर निकाल लागला. एका कटोरीवर पाण्याचा थर तरंगत होता आणि मामाजींचं नख आत रुतलं. ती हिरव्या पाण्याची निघाली. बाकीच्या दोन दगडासारख्या. त्यांनी त्या टोचल्या, वाजवल्या, हातोडीनं फोडून पाहिल्या. फरक काही सापडेना. नरसाळ्याचा वेळही माझ्या वहीत सारखाच होता. चुंबकाची कोणती, हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

मिस्त्री मान्य करून मोकळा झाला, "काका, पाणी गाळूनच घेऊ." मामाजी जिंकले होते, कुणी चुंबकाचं नावही काढलं नव्हतं. पण ते आत गेले, कटर आणून नळीवरची चुंबकं एकेक सोडवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणी साफ पायजे, हे खरं. चुंबकाचं मी जे सांगून राहिलो होतो, ते चुकलं माझं." इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा माणूस मी स्टाफरूममध्येही फारसा पाहिलेला नाही.

गाळलेल्या पाण्याचा घोळ तुडूमात भरला गेला. पावसाळ्यात तलाव भरून सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहिला, तुडूम कोरडं राहिलं आणि त्या वर्षी शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे टोकाच्या धानाच्या तुकड्यापर्यंत, पाणी पोचलं. आजूबाजूच्या गावांतून मामाजींना बोलावणी येऊ लागली.

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघरात मामी भाकरी थापत होत्या. मी तलावाचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "चांगलंच झालं ना. पन मी लग्न होऊन आली, तवापासून पाटातलं पानी मागं झुळझुळ करे. चुलीपाशी एकटी बसली तरी एकटी नाई वाटे. आता सुनं सुनं लागते." मामाजी दारातच उभे होते. ते आत आले आणि खिडकीतून वाकून त्या कोरड्या पाटाकडे पाहू लागले.

परवा संध्याकाळी न कळवता मी त्यांच्याकडे गेलो. अंगणात चप्पल काढताना आतून मामाजींचा आवाज आला. चुलीजवळ पाट टाकून ते बसले होते आणि मामींना काहीतरी सांगत होते. कालव्यावरच्या तंबूत राहत असतानाची कुठलीशी गोष्ट, जी इतक्या वर्षांत सांगायची राहून गेली होती. हळू, न थांबता, मागच्या पाटातलं पाणी झुळझुळायचं तशी. मध्येच मामी "मंग?" म्हणत आणि ते पुढे चालू होत. मी अंगणातच थोडा वेळ उभा राहिलो.