दोरीकाकांचे पट्टीवाले बूट

दोरीकाकांनी मला कधीही ‘सांभाळून’ म्हटलं नाही. मी जन्मापासून आंधळी. हा शब्द आयुष्यभर इतका ऐकलाय, की कुणी म्हटला तर माझं डोकंच फिरतं. काका म्हणायचे, “सांभाळून म्हणजे काय कपाळ सांभाळायचं? काय आहे ते सांगा ना आधी!” आणि ते सांगायचे. उजवीकडे कुत्रं झोपलंय. पुढे फरशी उचकटलीय, पाय उंच. डावीकडे फुलवाली, मोगरा आणि शेवंती, अबोली आज नाही. अबोलीचा पळण्याशी काय संबंध, असं मी विचारलं की म्हणायचे, “संबंध कशाला पाहिजे? तुला कळायला नको?”

ते मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर म्हणून बंगळूरला आले आणि निवृत्त झाल्यावरही परत गेले नाहीत. मल्लेश्वरमला आमच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, एकटेच. काकू लवकर गेल्या होत्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे आई त्यांना अण्णा म्हणायची. “अण्णा, स्वल्प कॉफी घ्या की,” असं ती म्हणाली की काका त्या कानडी वळणाच्या मराठीला पोटभर हसायचे आणि कॉफी प्यायचे. एके दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. “कावेरी, गच्चीवर फेऱ्या मारून माझं छत कशाला झिजवतेस? रस्त्यावर पळ की.” दुसऱ्या दिवशी सकाळी एक आखूड दोरी घेऊन हजर. एक टोक माझ्या उजव्या हातात, दुसरं त्यांच्या डाव्या. गल्लीनं त्यांचं नाव त्याच दिवशी ठेवलं.

आंधळ्या धावपटूच्या जोडीदाराला शर्यतीत दोन नियम असतात. दोरी सोडायची नाही, आणि शेवटची रेषा आंधळ्याच्या आधी ओलांडायची नाही. काकांनी दुसरा नियम इतका मनावर घेतला होता, की देवळात शिरतानासुद्धा मला पुढे घालायचे. “मी अर्धं पाऊल मागे. ती माझी जागा,” असं पुन्हा वर ऐकवायचे. पुजारी हसायचे, मला लाज वाटायची, काकांना काही नाही.

मग माझा वेग वाढला आणि काका दमायला लागले. ते त्यांनी कबूल केलं नाही, पण माझ्यापासून काय लपणार? हेब्बाळच्या तळ्याकाठी आम्ही जोरात पळायचो, तिथं त्यांचं बोलणं आटत गेलं. आधी फुलवाल्या गेल्या, मग कुत्री गेली. शेवटी नुसतं “खड्डा” आणि “वळण” उरलं, आणि मध्ये त्यांचा तो फाटलेला श्वास. राज्याच्या संघाची निवड जवळ येत होती. मला त्या संघात जायचं होतं आणि काकांबरोबरच जायचं होतं. तरुण जोडीदार बघ, असं कुणी सुचवलं की मी त्याला उडवून लावायचे.

तळ्यावर रविवारी मारतहळ्ळीची आयटीतली मंडळी यायची. त्यांच्या बुटांच्या तळव्यात कार्बनची पट्टी असते आणि त्यानं पाय कमी दमतात, हे काकांच्या कानावर आलं. झालं! दर रविवारी एकेकाला धरून चौकशी. पट्टी पूर्ण लांबीची की अर्धी? किती महिने टिकते? स्वस्तातला कुठला? “काका, रेसवाले शूज घेऊ नका, फार महाग आणि लगेच संपतात,” पुण्याच्या एकानं सांगितलं. “ट्रेनिंगवाले घ्या, गेल्या वर्षीचं मॉडेल. प्लेट असते, फक्त फोम थोडा कडक.” मग काका चार दिवस तेच घोकत होते.

दुकानात मला घेऊन गेले. दुकानदारीणबाई एकेक जोड काढून “सर, इदू नोडी,” हे बघा, असं म्हणत पुढे ठेवायच्या आणि काका प्रत्येक बूट टाचेला धरून वाकवायचे. “हा वाकत नाही बघ, म्हणजे पट्टी खरी.” मग पायात घालून दुकानभर पळायचे. मला एका स्टुलावर बसवलेलं. “तू ऐक. हा आवाज उजवीकडून तुलाच ऐकायचाय.” पहिला जोड मऊ होता, पण वळताना काकांचा पाय डगमगला हे मला ऐकू आलं. दुसरा चुंइचुंइ करायचा. तिसऱ्याची टाच रुंद, आवाज भरीव, ठक्क ठक्क. मी म्हटलं, “हाच. बाकीचे परत करा.” बाई कानडीत म्हणाल्या, बूट पळणाऱ्यानं निवडायचे असतात. काका म्हणाले, “तेच तर चाललंय!”

त्या बुटांनी काकांचा श्वास परत आणला आणि श्वासाबरोबर बोलणंही. आठवड्यातून एकदाच ते घालायचे, वेगाच्या दिवशी. “पट्टी पळत नाही गं, पळतात पायच. पट्टी फक्त त्यांची कुरकुर ऐकून घेते.” पुन्हा कुत्री आली, फुलवाल्या आल्या, तळ्यातले बगळेसुद्धा आले. इतकी सुखी मी त्यानंतर झालेली नाही.

निवडीची शर्यत रस्त्यावरची होती आणि शेवटी उतार होता. काका ओरडले, “रेष समोर, सरळ, सोड स्वतःला!” मी जीव खाऊन पळाले. आणि एकदम हातातली दोरी हलकी झाली. मोकळं टोक माझ्या मांडीवर आपटायला लागलं. उजवीकडे कुणी नव्हतं. मी लोकांच्या आरडाओरड्याकडे तोंड करून तशीच पळत राहिले आणि रेषा ओलांडली. वेळ हवी तशी आली होती, पण मला बाद केलं.

“उतारावर त्या बुटांनी मला पुढे ढकललं,” काका म्हणाले. “वाटलं, आता तुझ्या आधी जातोय. हात आपोआप सुटला.” एक नियम वाचवायला त्यांनी दुसरा मोडला होता. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारा माणूस, तिथं पंचांशी वाद घालायला गेलाच नाही. येताना रिक्षात त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. या शहरात आपण कुठे आहोत हे मला पहिल्यांदाच कळेना.

“पुढच्या वर्षी पळू की! एवढं काय त्यात?” मी चिडून म्हटलं. “मी दोरी सोडली, कावेरी,” एवढंच म्हणाले. मी रागावले, रडले, आईनंही समजावलं. शेवटी काका ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी अश्विनीला घेऊन आले. कॉलेजात पळणारी, कानडी बोलणारी गोड मुलगी. मोडक्यातोडक्या कानडीत काकांनी तिला सगळं शिकवलं. इथं सगळे सांभाळून या अर्थी ‘हुषारू’ म्हणतात. ते म्हणालीस तर याद राख, असंही बजावलं. मी हट्टानं उजवी बाजू तिला दिलीच नाही. ती डावीकडून पळते.

पावसाळा संपता संपता काका गेले. झोपेतच. तसलेच बूट आता पुष्कळांकडे आहेत. तळ्यावर मागून ठक्क ठक्क येतं, उजवीकडून जवळ येतं, आणि माझा हात दोरीसाठी पुढे होतो. आवाज पुढे निघून जातो. वेडेपणा आहे, मला कळतं. पण त्या बाजूला कुणी नाही, असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

पुढच्या निवडीत अश्विनी आणि मी पळालो. या वेळी काही चुकलं नाही, माझी निवड झाली. टेबलाशी बसलेल्या साहेबांनी माझं नाव विचारलं, मग जोडीदाराचं. मी काकांचं पूर्ण नाव सांगितलं. तोंडातून गेलं ते गेलंच. अश्विनीनं माझा हात घट्ट धरला.

“कुठे आहेत ते?” साहेबांनी विचारलं. मी उजवीकडे तोंड वळवलं आणि काकांनी सांगावं म्हणून थांबले.